मधला पाऊण तास

मिरज स्टेशनच्या मागं आमचं देऊळ.
सातला मराठी मिस्सा.
नऊला केरळवाल्यांचा, ते त्याला कुर्बाना म्हणतात.
(पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चहाच्या गाड्यावरचा मेहबूब म्हणाला,
मग बकरा कुठाय?)
मधला पाऊण तास माझा.

त्यात मी पंखे बंद करतो, निळ्या वह्या कपाटात टाकतो,
लाल वह्या बाकांवर मांडतो,
पाटीवरचे गाण्यांचे आकडे काढून दुसरे अडकवतो.
पेटीचा एक सूर बसलाय.
सतारमेकर गल्लीतला दगडू म्हणतो, बुधवारी येतो.
कुठला बुधवार ते सांगत नाही.
मेणबत्त्या त्याच.
निम्म्या सातला जळतात, उरलेल्या नऊला.

डावीकडचा चौथा बाक, खांबाजवळचा,
सातला सलोमीबाई लोंढेचा.
गुडघ्याला उशी लागते तिला.
इरकलीच्या पदराची उशी, आत कापूस नाही, चिंध्या.
ने-आण करायला कंटाळली,
तेव्हापासून बाकाखालीच असते.

नऊला तिथंच जिन्सी.
रात्रपाळी उतरून थेट येते, पायात वॉर्डातले पांढरे बूट,
ओढणीला स्पिरिटचा वास.
उशीवर गुडघे टेकते, कपाळ पुढच्या बाकाला लावते
आणि झोपते.
फादर रेजी प्रवचन देता देता तिकडं बघतात,
मग छताकडं बघतात.

एकदा उशी उसवली. चिंध्या बाहेर.
मी म्हटलं, सुई आणू. राहिलं.
पुढच्या रविवारी शिवलेली होती,
काळा दोरा, सुटे सुटे टाके, एकेकाला वेगळी गाठ.
सलोमीबाईनं उलटीपालटी करून बघितली.
"कुणाचा रे हा टाका? कातड्याला घालतात तसला."
मला ठाऊक होतं. म्हटलं, "असंल कुणाचा तरी."
तिनं पुढल्या खेपेला उशीखाली
कागदात बांधून दोन शेंगदाण्याचे लाडू ठेवले.
नऊ वाजता जिन्सीनं पुडी उघडली, इकडंतिकडं पाहिलं,
प्रार्थना सुरू व्हायच्या आत दोन्ही खाल्ले.

सलोमीबाई न्हाणीत पडली. खुबा गेला.
पोरगा इचलकरंजीला, मागावर, त्याला सुट्टी मिळेना.
फादरांबरोबर मी प्रसाद घेऊन गेलो
तर हाताला पट्टा गुंडाळत जिन्सी उभी.
"सुखमाणो, अम्मच्ची?"
"सुख मानायचं, दुसरं काय," म्हातारी म्हणाली.
तिला ती मराठीच वाटली.

जिन्सीचं मराठी सगळं वॉर्डातलं.
दुखते का. श्वास घ्या. कूस बदला. जेवले का.
यापलीकडं एक शब्द नाही.
सलोमीबाईला मात्र दिवसभर ते पुरतं,
नाहीतर घरी तिला जेवलीस का विचारणारं
कोण होतं?

तिसऱ्या दिवशी म्हातारी म्हणाली,
"बार्नाबास, माझी उशी आण. हितल्या उशा फुगतात नुसत्या."
आणली.
जिन्सी थर्मामीटर झटकत होती.
झटकायची थांबली.
बोटानं टाक्यांवरून गेली, एक गाठ, दुसरी, तिसरी.
मग माझ्याकडं बघितलं.
मी खिडकीबाहेर,
तिथं रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं, ते.

सांगावं असं वाटलं. पण कुठल्या भाषेत,
आणि दोघींतल्या आधी कुणाला?
एवढ्यात तिनं म्हातारीचा पाय अलगद उचलला,
गुडघ्याखाली उशी सारली,
टाक्यांची बाजू खाली करून, टोचू नये म्हणून.
"दुखते का?"
"न्हाई."

त्या रविवारी चौथ्या बाकाशी
जिन्सीनं उघड्या फरशीवर गुडघे टेकले.
अख्खं प्रवचन जागी होती.
फादर रेजी दोनदा अडखळले.